सुटकेच्या तारखेची वही

१८९४ च्या तुरुंग कायद्याचे बारावे कलम अगदी रुक्ष आहे. तुरुंगाच्या अधीक्षकाने कोणकोणत्या वह्या ठेवायच्या, एवढेच त्यात सांगितले आहे. आत आलेल्या कैद्यांची एक. कोणता कैदी कधी सुटायचा ते दाखवणारी दुसरी. तुरुंगातल्या गुन्ह्यांबद्दल दिलेल्या शिक्षांची तिसरी. पाहणीला येणाऱ्यांच्या शेऱ्यांची चौथी. कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि चीजवस्तूंची पाचवी. पुण्यातल्या येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग बांधून तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. सरकारला कैद्याविषयी जे कायम लक्षात ठेवायचे होते, ते बहुतेक या पाच वह्यांत मावत होते.

या पाचांतली दुसरी वही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाकीच्या चार वह्या घडून गेलेले टिपतात. ही एकच वही पुढच्या दिवसाकडे बघते, आणि एखाद्या माणसाला आपण आणखी किती दिवस कोंडून ठेवू शकतो, याचे उत्तर तिच्यातच असते. गेल्या सव्वाशे वर्षांत ही वही शाईच्या दौतीपासून दूरच्या डेटा सेंटरपर्यंत कशी गेली, त्याचा हा इतिहास आहे. मोठमोठ्या कंपन्या आणि बँका ज्या थराथरांच्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचा अर्थही मला या वहीच्या प्रवासात जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्या कारखान्याच्या किंवा बँकेच्या उदाहरणात दिसत नाही.

सुटकेची तारीख एकदा लिहिली की संपले, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती सतत सरकत असते. न्यायालयाच्या वॉरंटवर शिक्षा लिहिलेली असते, पण दोन गुन्ह्यांच्या दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकीमागून एक, हे पाहावे लागते. दंड भरला नाही तर वाढीव कैद धरावी लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४२८ व्या कलमाने खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होऊ लागले. महाराष्ट्रात १९६२ च्या नियमांप्रमाणे चांगल्या वर्तनाची आणि कामाची माफी मिळते, ती तारखेला अलीकडे ओढते. संचित रजेवरून किंवा अभिवचन रजेवरून कैदी उशिरा परतला, की ती पुन्हा पलीकडे जाते. हा सगळा हिशेब तुरुंगाच्या न्याय विभागातला लिपिक करीत असे. नियमांची पुस्तके कपाटात असत, पण कोणता नियम कुणाला आणि कधी लागतो याची जाण त्या लिपिकाच्या डोक्यात असे. जुन्याने नव्याला शेजारी बसवून ती शिकवायची.

म्हणजे येरवड्याच्या तुरुंगात तीन थर होते. पहिला थर दरवाज्यावरचा. तिथे माणूस येतो, त्याचे नाव विचारले जाते, झडती होते, वॉरंट घेतले जाते. शेवटचा थर वह्यांनी भरलेल्या खोलीचा. आणि मधला थर नियम जाणणाऱ्या माणसाचा. दरवाज्यावरच्या शिपायाने परस्पर वही उघडून तारीख बदलायची नाही, आणि वहीने आपण होऊन दरवाजा उघडायचा नाही. जे काही व्हायचे ते मधल्या माणसामार्फत. आजच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची रचना नेमकी अशीच असते. वापरणाऱ्यासमोरचा पडदा, मध्ये नियम चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर आणि मागे डेटाबेस. पडदा बदला, डेटाबेस बदला, चालते. संस्थेचा कायदा मधल्या थरात राहतो.

मधला थर जागा असला की काय होते, याचे येरवड्यातलेच एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला आणले गेले. शिक्षेच्या हिशेबाने सुटकेचे साल १९२८ होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांना ॲपेंडिसायटिस झाला. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, आणि ५ फेब्रुवारीला सरकारच्या हुकुमाने ते बिनशर्त सुटले. कैदी तुरुंगात नव्हता, रुग्णालयात होता, तरी हुकूम त्याच्यापर्यंत पोचला. साऱ्या देशाचे लक्ष त्या एका नोंदीवर होते. सरकार, तुरुंग आणि रुग्णालय यांच्यामध्ये कागद अडकणे शक्यच नव्हते.

ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, अशा माणसाचे काय झाले ते साठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयासमोर आले. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी एका कैद्याला निर्दोष ठरवले. तो तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षे. सरकारचे म्हणणे असे की त्याचे मानसिक स्वास्थ्य ठीक नव्हते. पण ते ठीक असल्याचा वैद्यकीय अहवाल १९७७ मध्येच दिला गेला होता आणि सरकारी खात्याला कळवलाही होता. त्यानंतरही पाच वर्षे तो आतच होता. रुदल साह विरुद्ध बिहार राज्य या नावाने हा खटला ओळखला जातो. त्याचा निकाल १ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला.  हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, अर्जात न्यायालयाने प्रथमच सरकारला भरपाई द्यायला लावली, म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल शिकवला जातो.

मला त्यातली वेगळी गोष्ट खुपते. या प्रकरणात नोंद हरवली नव्हती. निर्दोषत्वाचा निकाल कागदावर होता आणि वैद्यकीय अहवालही होता. दर सकाळी त्या कागदांना "आज कुणाला सोडायला हवे?" असे विचारणारे मात्र कुणी नव्हते. माहिती साठवणे आणि माहितीला प्रश्न विचारणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि आपल्या सरकारी संगणकीकरणाची पहिली कित्येक वर्षे पहिल्याच कामात गेली.

ते तसे का झाले, यामागे यंत्रांचा इतिहासही आहे. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झाले, तेव्हा संगणक म्हणजे एकच मोठे यंत्र असे. पडदा, नियम आणि माहिती सगळे त्याच्याच पोटात. टेबलावरच्या टर्मिनलला स्वतःची अक्कल नव्हती. ऐंशीच्या दशकात पीसी आले आणि काम दोन ठिकाणी वाटले गेले. माहिती सर्व्हरवर राहिली, नियम मात्र प्रत्येक टेबलावरच्या पीसीत उतरले. हे स्वस्त होते, म्हणून झपाट्याने पसरले. पण नियम बदलला की माणसाने फ्लॉपी घेऊन टेबलोटेबली हिंडायचे, आणि एखादे टेबल राहून गेले तर तिथे जुनाच नियम चालू राहायचा. १९९२ मध्ये जर्मनीच्या सॅप कंपनीने आपले आर/थ्री बाजारात आणले आणि पडदा, नियम व माहिती अशी तीन थरांची मांडणी जगभरच्या मोठ्या उद्योगांत रुळली. नियम एका जागी आला. तिथे बदलला की सगळ्यांसाठी बदलला. पुढे ब्राउझर आल्यावर टेबलावर काही बसवायचीही गरज उरली नाही.

न्यायालयांना हा टप्पा गाठायला वेळ लागला. २००४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची घोषणा झाली, २००५ मध्ये तिने धोरण आखले आणि २००७ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांत संगणक बसू लागले. या साऱ्या न्यायालयांसाठी दाव्यांची नोंद ठेवणारी प्रणाली लिहिण्याचे काम एनआयसीच्या पुणे केंद्राकडे आले. देशातल्या कुठल्याही तालुका न्यायालयात आज पुढची तारीख ज्या सॉफ्टवेअरवर पडते, ते पुण्यात लिहिले गेले आहे. पुणेकरांनीही ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतलेली नाही, असे मला वाटते.

काम सोपे नव्हते. महाराष्ट्रात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी "दरखास्त" दाखल होते. दुसऱ्या राज्यात त्याच कामाला दुसरे नाव, दुसरा नमुना, दुसरे टप्पे. प्रत्येक उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम आणि स्वतःचे मॅन्युअल. मुक्त स्रोताच्या उबंटूवर चालणारी एकच प्रणाली सगळ्यांना द्यायची, आणि कुणाचा नियमही मोडायचा नाही. यावर पुण्याच्या गटाने मार्ग काढला तो गाभा आणि परिघाचा. दावा दाखल होणे, तारीख पडणे, निकाल लागणे असे सर्वांना समान असलेले टप्पे गाभ्यात ठेवले आणि तो देशभर एकच राखला. राज्याराज्यांतला फरक परिघात टाकला, आणि परीघ त्या त्या उच्च न्यायालयाच्या गरजेप्रमाणे बांधला. गाभा एक असल्यामुळेच २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रीड सर्वांसाठी खुली करता आली. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला. पुण्याचे क्रमांक 'एमएचपीयू' या चार अक्षरांनी सुरू होतात आणि दाखल वर्षाने संपतात.

तुरुंग या वाटेवर आणखी मागे होते. राज्याराज्यांत वेगवेगळ्या प्रणाली चालत. गोवा इलेक्ट्रॉनिक्सची 'प्रिझम्स' त्यांपैकी एक, एनआयसीची 'ई-प्रिझन्स' दुसरी. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी जून २०१३ मध्ये तुरुंगांच्या अमानुष स्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि आर. के. अग्रवाल यांच्या खंडपीठाने इतर आदेशांबरोबर मध्यवर्ती व जिल्हा तुरुंगांत माहितीची संगणकीय व्यवस्था लवकरात लवकर उभी करण्यास सांगितले. त्यानंतर ई-प्रिझन्स हळूहळू सर्वत्र रुजली. कैद्याची नोंद, भेटीसाठी ई-मुलाखत, कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचा कारा बाजार असे तिचे भाग आहेत. त्यांतले नोंदींचे भाग म्हणजे १८९४ च्या वह्याच पडद्यावर आल्या होत्या.

येरवड्यासारख्या तुरुंगात याची निकड किती होती, ते आकड्यांवरून कळते. तिथली अधिकृत क्षमता साधारण अडीच हजारांची, आणि गेली कित्येक वर्षे त्याच्या दुपटीहून जास्त माणसे आत आहेत. देशभरचे २०२२ चे आकडे पाहिले तर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. शंभरातले जवळजवळ शहात्तर. या माणसांना शिक्षाच झालेली नाही, त्यामुळे सुटकेच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहायला तारीखही नाही. तुरुंगात बसून त्यांच्या सुटकेची तारीख कुणीच ठरवू शकत नाही. ती न्यायालयातून येते, जामिनाच्या कागदावर.

तो कागद न्यायालयातून तुरुंगात कसा जातो, हा मग सगळ्यांत मोठा प्रश्न ठरला. न्यायालयाची प्रणाली होती, तुरुंगाची प्रणाली होती, पण मधल्या रस्त्यावर अजून टपालवाला आणि बेलिफ होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी जामिनाच्या आदेशांसाठी एक पेटी असे. सायंकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत कागद तीत पडला नाही, तर सुटका दुसऱ्या दिवसावर. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाला जामीन दिला आणि तो ३० तारखेला सकाळी बाहेर आला, कारण २९ ला कागद वेळेत पेटीत पोचला नाही. त्या वेळी टीव्हीवर ती पेटी दिवसभर दिसत होती. वर्षानुवर्षे असंख्य अनोळखी माणसांनी त्या पेटीपायी एक रात्र जास्त काढली होती, ते त्या दिवशी प्रथमच लोकांना दिसले.

त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा जणांचे प्रकरण घडले होते. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, तरी आदेशाची प्रत टपालाने आली नाही म्हणून ते काही दिवस आतच राहिले. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून 'फास्टर' ही व्यवस्था निघाली. ३१ मार्च २०२२ रोजी तिचे उद्घाटन झाले तेव्हा देशभरात ७३ नोडल अधिकारी नेमले होते आणि १,८८७ ई-मेल पत्ते तयार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावर डिजिटल सही होऊन तो थेट तुरुंगापर्यंत जाऊ लागला. २६ नोव्हेंबर २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. ई-समितीचे अध्यक्षपद तेव्हा धनंजय चंद्रचूड यांच्याकडे होते, आणि ते सरन्यायाधीशही झाले होते. रुदल साहचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांचे ते चिरंजीव.

पण मला या सगळ्या काळातला सर्वांत मोलाचा दिवस वाटतो तो ३१ जानेवारी २०२३. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि अभय ओक यांनी त्या दिवशी जामिनाबाबत एक आदेश दिला. जामीन मिळाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यायालयाने आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला ई-मेलने पाठवायची. अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवायची. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळले पाहिजे. आणि हे कळणे कुणाच्या आठवणीवर सोडायचे नाही. एनआयसीने प्रणालीतच बदल करावा, म्हणजे सातव्या दिवसानंतर ई-मेल आपोआप जाईल. महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर अटी शिथिल करता येतील का याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरल्याने उशीर होतो, हेही आदेशात नमूद आहे.

सात दिवस झाले का, आणि माणूस अजून आत आहे का? १९६८ ते १९८२ या चौदा वर्षांत मुजफ्फरपूरला कुणी न विचारलेला प्रश्न आता दररोज विचारण्याचे काम मधल्या थरावर सोपवले गेले. सॉफ्टवेअर म्हणून पाहिले तर ही अटींची दोन-चार वाक्ये आहेत. ई-मेल पाठवणे ही तर फारच जुनी सोय. तरी ही वाक्ये लिहून घ्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला, याचा विचार संगणकाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने करावा.

पुढच्याच वर्षी मधल्या थराची खरी कसोटी लागली. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर ४७९ व्या कलमाने त्याला सोडायचे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणे प्रलंबित असली तरी नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा तो तुरुंग अधीक्षकाने. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे आधीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू आहे. एका दिवसात लाखो माणसांचा हिशेब बदलला. वह्यांच्या काळात हजारो लिपिकांना तो नव्याने मांडावा लागला असता. आता नियम एका जागी बदलायचा.

एक गाठ मात्र अजून सुटायची आहे. या माणसावर दुसरे प्रकरण आहे की नाही, हे कळणार कसे? सीएनआर दाव्याला ओळखतो, माणसाला ओळखत नाही. पोलिसांकडे गुन्ह्याचा क्रमांक असतो, तुरुंगाकडे कैद्याचा. एकाच माणसाचे नाव पुण्याच्या ठाण्यात एक, सोलापूरच्या वॉरंटवर दुसरे, इंग्रजीत लिहिताना तिसरे होते. तिन्ही याद्या जुळवल्या की एक माणूस तीन होतो, किंवा दोन माणसे एक होतात. पहिल्या चुकीत गुन्हेगार निसटतो, दुसऱ्या चुकीत निरपराध अडकतो. यासाठीच पोलीस, न्यायालय, तुरुंग, अभियोग आणि न्यायवैद्यक या पाच प्रणालींना जोडणारी आयसीजेएस उभी राहत आहे. २०२२ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याला ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. माहिती एकदाच भरायची आणि सर्वांनी तीच वापरायची, हे तिचे सूत्र आहे. १९२० चा कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा जाऊन २०२२ चा आला, तो बोटांच्या ठशांवरून ही जुळणी करता यावी म्हणूनही. हे काम जितके आवश्यक, तितकेच जपून करण्याचे. पाच खात्यांची माहिती एका जागी आली की तिच्यावर कुणाची नजर पडते, याचा पहारा थराथरांवर हवा, आणि जुळणी चुकल्यास ती माणसाकडून तपासून घेण्याची सोय हवीच हवी.

येरवड्याच्या तुरुंगापासून जवळच आज कॉमरझोनसारखी आयटी संकुले आहेत. जगातल्या बँका आणि विमा कंपन्या ज्या प्रणालींवर चालतात, त्यांचे मधले थर तिथे बसून रोज लिहिले जातात. या कामातले कौशल्य पुण्यात भरपूर आहे. त्यातले थोडे जरी न्यायालयांच्या आणि तुरुंगांच्या प्रणालींच्या वाट्याला आले, तर देशाचे काम होईल.

ज्यांच्या घरचे कुणी आत आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे. दाव्याचा सीएनआर क्रमांक वकिलाकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. त्यावरून पुढची तारीख आणि आदेश ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर कुणालाही पाहता येतात. जामीन मिळून सात दिवस झाले आणि सुटका झाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.